उभा घोडा

लग्नाच्या वरातीतली घोडी चालते तरी किती? बेळगावातल्या एखाद्या गल्लीच्या तोंडावरच्या मारुतीपासून कार्यालयापर्यंत, म्हणजे फार तर अर्धा-पाऊण किलोमीटर. वेळ मात्र दोन तास जातो, कारण पुढे पोरं नाचत असतात आणि त्यांचं नाचून होईपर्यंत घोडीला मागे थांबायचं असतं. पाठीवर सत्तर-ऐंशी किलोचा नवरदेव, त्याच्या पुढ्यात हौसेनं चढवलेला धाकटा भाचा, कानाशी हलगी, शेजारी धूर सोडणारं जनरेटर. बघणाऱ्याला वाटतं घोडी मिरवते आहे. खरं तर ती उभी असते. आपल्या भागात आज घोड्याला जे काम उरलं आहे, त्यातलं निम्म्याहून अधिक हे असलंच, उभं राहण्याचं.

टांगे गेले. स्टेशनवरून कॅम्पात किंवा शहापूरला टांग्यानं जाणारी पिढी आता नातवंडांना ते सांगते आणि नातवंडं मोबाइलमधून मान वर करत नाहीत. पण घोडा गेला नाही. वैशाखात बेळगावची शिवजयंती येते, चित्ररथांच्या रात्री मावळे नि सरदार घोड्यावर बसतात. दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते ती ज्येष्ठापर्यंत पुरते. कुठे गावची जत्रा, कुठे नेत्याची मिरवणूक. हे सगळे दिवस जोडून पन्नास धरा, हौसेखातर साठ धरा. तरी वर्षाचे तीनशेच्या वर दिवस उरतात. त्या दिवसांत घोडा कुणाला दिसत नाही. तो गोठ्याच्या कडेला, पत्र्याच्या आडोशाला उभा असतो आणि खात असतो.

घोडा पाळायचा म्हणजे पन्नास दिवसांची कमाई नि तीनशे पासष्ट दिवसांचं पोट, एवढं गणित आधी मांडावं. आपल्याकडचा साधा देशी घोडा, उंचीला ५२ ते ५६ इंच (मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत मोजायचं, डोक्यापर्यंत नव्हे), वजनाला ३०० ते ३५० किलो. ३२० किलोचा धरला तर वजनाच्या दोन टक्के या हिशेबानं त्याला रोज साधारण साडेसहा किलो सुकी वैरण लागते. वर्षाची झाली तेवीस-चोवीस क्विंटल. पाणी रोज २५ ते ३० लिटर, एप्रिलमध्ये त्याहून बरंच जास्त. मिठाचे दोन-तीन चमचे. आणि खुराक? तिथेच पहिली चूक होते. घोडा म्हटलं की हरभरा, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की काम नसतानाही दोन-दोन किलो भिजवलेला हरभरा तोबऱ्यात पडतो. नुसत्या उभ्या घोड्याला खुराक जवळजवळ लागतच नाही. वैरण चांगली असेल तर मूठ-दोन मूठ भरडा पुरे. खुराक कामाच्या मापानं वाढवायचा आणि काम थांबलं की त्याच दिवशी निम्म्यावर आणायचा.

न आणला तर काय होतं, हे पूर्वी ओझी ओढणारे घोडे बाळगणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. चार दिवस बसून भरपेट खुराक, पाचव्या दिवशी एकदम काम. निघून पंधरा-वीस मिनिटं होतात न होतात तोच घोडा मागच्या पायांत आखडतो, दरदरून घाम येतो, पुठ्ठ्याचे (मागच्या मांड्यांवरचे) स्नायू दगडासारखे होतात आणि लघवी चहाच्या रंगाची होते. स्नायू फुटून त्यांतलं रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरलेलं असतं. अशा घोड्याला चालवत घरी आणणं म्हणजे उरलेले स्नायूही फोडणं. जिथे आखडला तिथेच उभा करायचा, पाणी द्यायचं, डॉक्टरांना तिथे बोलवायचं आणि टेम्पोतून न्यायचा. उभं राहणं हे ज्या घोड्याचं दुखणं झालं, त्याचं औषधही उभं राहणंच.

घोड्याचं जठर देहाच्या मानानं लहान असतं, आठ ते पंधरा लिटरचं. त्यात आम्ल सतत झिरपत राहतं, पोटात काही असो वा नसो. आणि लाळ सुटते ती फक्त चावताना. म्हणजे तोंड चालू आहे तोवर आम्लावर उतारा आहे. बैलासारखा तो रवंथ करत नाही. म्हणून बैलाचं वेळापत्रक, सकाळी एक पेंढी नि रात्री एक, घोड्याला लागू केलं की पाच-सहा तासांत पोट रिकामं पडतं, जठराला व्रण होतात. मालक म्हणतो, घोडा चिडका झाला, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावतो. चावणारच. वैरण तेवढीच, पण चार-पाच वेळा विभागून द्यावी. सर्वांत मोठा वाटा रात्री टाकावा, कारण रात्र लांब असते. ज्याला हे जमत नाही त्यानं जाळीच्या पिशवीत वैरण भरून टांगावी, घोडा एकेक काडी ओढत बसतो. नाहीतर तो खुंट कुरतडायला लागतो, मग कठड्यावर दात टेकवून वारा गिळायला लागतो, आणि ही खोड एकदा जडली की सुटत नाही.

वैरण कोणती, याचं उत्तर आपल्या जिल्ह्यात तालुक्यागणिक बदलतं. अथणी-गोकाककडे शाळूचा कडबा. तो कुट्टी करून द्यावा, आख्खं ताट घोडा अर्धं चघळून टाकून देतो. खानापूर-बेळगावकडे भाताचं पिंजर, त्यात सत्त्व कमी. अंथरायला चांगलं, खायला पोटभर नको. कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात पिंजराच्या गंजीला आतून बुरशी धरते. वरून सोन्यासारखं दिसतं आणि झटकलं की पांढरी धूळ उडते. त्या धुळीनं घोड्याला खोकला लागतो, आणि वर्ष-दोन वर्षं दुर्लक्ष झालं तर कायमचा दमा. चिकोडी, रायबाग, कागवाड हा उसाचा पट्टा. हंगामात वाडं फुकट मिळतं, मग घोड्यालाही वाडंच. उसाच्या वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यावर गव्हाचा कोंडा भरपूर दिला की फॉस्फरस जास्त नि कॅल्शियम कमी, अशी दोन्हीकडून कात्री बसते. शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतं, आणि काही महिन्यांनी घोड्याचा जबडा नि गालफड फुगलेलं दिसतं, चाल अवघडते. मालकाला वाटतं घोड्याचं तोंड भरलं. रोज दोन किलो लसूणघास दिला तर हे टळतं, त्यात कॅल्शियम मुबलक असतं. भुईमुगाचा वेल घोडा आवडीनं खातो, पण आधी झटकून माती काढा. पोटात साचलेल्या मातीनंही शूळ उठतो.

पोटशूळ हा घोड्याचा सगळ्यांत मोठा वैरी. घोड्याला ओकता येत नाही, जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते. गेलं ते खालूनच बाहेर पडणार, नाहीतर अडणार. पुढच्या पायानं जमीन खरवडणं, वळून कुशीकडे बघणं, वरचा ओठ उलटवणं, बसणं-उठणं, आणि लीद न पडणं, ही चिन्हं. जबड्याच्या कडेखाली बोटांना लागणारी नाडी मोजावी. उभ्या निवांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली तर घरगुती काही करू नये. चारा काढून घ्यावा, फार लोळत असेल तर हळूहळू फिरवावा, डॉक्टर येईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी नाडी लिहून ठेवावी. आपल्याकडे बांबूच्या नळकांड्यातून तेल पाजण्याची रीत आहे. बैलाला ती कशीबशी चालते. वेदनेत मान वर धरलेल्या घोड्याच्या घशातून ते तेल फुप्फुसात उतरतं, आणि शुळातून वाचलेला घोडा निमोनियानं जातो. तेल द्यायचंच तर डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालून देतात. ते त्यांचं काम.

आता उभं राहण्याविषयी. घोडा उभ्यानं झोपतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यातलं अर्धंच खरं असतं. पायांतल्या शिरा (स्नायू हाडांना बांधणारे दोर) नि गुडघ्याची वाटी अशी अडकते की स्नायू सैल सोडूनही तो उभा राहू शकतो, त्यामुळे डुलकी उभ्यानं निघते. पण गाढ झोप, जिच्यात स्वप्नं पडतात ती, त्याला आडवं पडल्याशिवाय लागत नाही. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास पुरते, पण ती लागतेच. अगाडी-पिछाडीनं आखूड बांधलेला घोडा, ओल्या फरशीवरचा घोडा, शेजारी अनोळखी कुत्रं असलेला घोडा आडवा होत नाही. आठवडाभर असं गेलं की उभ्या-उभ्या त्याचा तोल जातो, पुढचे गुडघे दुमडतात, धडपडून पुन्हा उभा राहतो. घोटे नि गुडघे पुढून सोललेले दिसले तर बहुतेक मालक म्हणतात, रस्त्यावर ठेचकाळला. दोरी मोजून बघा. डोकं जमिनीला टेकेल आणि तो कुशीवर लोळेल इतकी लांब हवी, पण पुढचा पाय वरून पलीकडे जाईल इतकी ढिली नको. दहा फूट बाय दहा फुटांची कोरडी जागा आणि वीतभर पिंजर असेल तर बांधायची गरजच नाही.

घोडा विकत घेतानाही आधी तो उभा कसा आहे ते पाहावं, मग पळवावा. मागचा एक पाय ढिला सोडून, खुराचं टोक टेकवून उभा असेल तर तो आरामात आहे. पुढचा पाय पुढे काढून उभा असेल तर तो पाय दुखतो आहे. दोन्ही पुढचे पाय पुढे काढून भार मागे टाकला असेल, खूर हाताला गरम लागत असतील, तर खुराच्या आतले पापुद्रे सुजलेले आहेत. सौदा तिथेच सोडून द्यावा. अकलूज, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रंगाची नि अंगावरच्या खुणांची चर्चा फार होते, पंचकल्याणी की अबलख, भोवरा कुठे आहे, देवमण आहे का. ती आपल्या जागी ठीक आहे. ओठ वर करून दात पाहणं जास्त उपयोगी. अडीच वर्षांला मधले, साडेतीनला शेजारचे, साडेचारला कडेचे दुधाचे दात पडतात. पाचाला तोंड भरतं. खालच्या दातांवरचे खळगे सहा, सात, आठ वर्षांला एकेक जोडी करून बुजतात. दहाच्या सुमाराला वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक खाच दिसू लागते, ती पंधराला अर्ध्यावर येते आणि विसाला खालपर्यंत पोचते. कानस मारून दात ‘तरुण’ करणारे व्यापारी आहेत, पण ती खाच त्यांना करता येत नाही.

आणि एक खूणगाठ: मोठ्या शहरांच्या रेसकोर्सवरून बाद झालेलं थरोब्रेड स्वस्तात मिळतं म्हणून वरातीला आणू नये. त्याची कातडी पातळ, खूर पातळ, रक्त गरम, आणि लहानपणापासून त्याला शिकवलेलं एकच, गर्दीचा आवाज झाला की सुटायचं. गर्दीत तासभर उभं राहणं देशी तट्टाला जमतं. भीमथडीचा घोडा काही उगाच मराठी फौजेत नावाजला नव्हता. भीमेच्या काठचा, बुटका, मोठ्या छातीचा, थोड्या चाऱ्यावर लांब चालणारा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु अनुवंश संसाधन ब्युरोनं अलीकडे त्याला स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदलं. उशिरा का होईना. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या मधल्या सात वर्षांत देशातले घोडे-तट्टू सव्वासहा लाखांवरून साडेतीन लाखांच्या आत आले. नोंदायला जात उरली आहे तोवर नोंदलेली बरी.

काम थांबलं तरी खूर वाढायचा थांबत नाही. महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर. म्हणून नालबंद कामाच्या दिवसांवर बोलवायचा नसतो, कॅलेंडरवर बोलवायचा असतो, दर पाच-सहा आठवड्यांनी. नाल झिजली नाही म्हणून तीन महिने तीच ठेवली, तर खुराचं पुढचं टोक लांबतं, टाच खाली बसते, घोट्यामागच्या शिरेवर ताण येतो. आपल्याकडचा नालबंद घोड्याला नाल ठोकतो आणि बैलाला पत्री मारतो, पण दोन्ही कामांत जमीन-अस्मानाचा फरक. बैलाला दोरांनी पाडून, चारही पाय बांधून, दुभंगलेल्या खुराच्या दोन भागांना दोन वेगळ्या पत्र्या मारायच्या. घोड्याला पाडत नाहीत. तो तीन पायांवर उभा राहतो आणि चौथा नालबंदाच्या मांडीवर देतो. शिंगराला वर्षाच्या आतच पाय उचलून द्यायची सवय लावली असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे, नसेल तर चार माणसांचं.

जुन्या नालेचे वळवलेले खिळे आधी सरळ करायचे, मग पकडीनं टाचेकडून सुरुवात करून नाल आत-पुढे दाबत काढायची. एकदम ओढली तर खुराची भिंत फुटते. वाढलेली भिंत कातरून, सुटा पापुद्रा सुरीनं काढून, कानशीनं सपाट करायची. तळव्याच्या मध्ये जो रबरासारखा त्रिकोण असतो त्याला हात लावायचा नाही. लोंबणारी चिंधी काय ती काढावी. पाऊल टेकताना तो त्रिकोण दबतो आणि पायातलं रक्त वर ढकलायला मदत करतो. सुबक दिसावं म्हणून तो कोरून काढणारे कारागीर आहेत, त्यांना घोडा दाखवू नये. मग नाल खुराच्या मापानं वाकवायची. उलटं, म्हणजे खूर नालेच्या मापानं कानसायचा, हे घाईचं काम. खिळे सहा ते आठ, बहुधा बाहेरून चार, आतून तीन. खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे खिळा नको, टाच प्रत्येक पावलाला थोडी पसरते, ती जखडली जाते. खिळा आत जाताना आवाज बदलत जातो, कणखर होत जातो. मऊ, बोदा आवाज आला किंवा घोड्यानं पाय झटकला, तर खिळा जिवंत भागात गेला. लगेच काढायचा, भोकात आयोडीन सोडायचं, तिथे दुसरा मारायचा नाही, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का ते विचारायचं. धनुर्वात घोड्याला लागतो तितक्या सहज फार थोड्या जनावरांना लागतो. काढलेल्या जुन्या नालेला, काळ्या घोड्याची असेल तर, नव्या नालेपेक्षा जास्त भाव येतो. ती उंबऱ्यावर ठोकली जाते. शनीचं काही असो, नालबंदाचं भलं होतं.

पावसाळ्यात खानापूरकडे खुरांचं वेगळंच. चिखल-लिदीत उभ्या घोड्याच्या त्या त्रिकोणाच्या खाचेत काळा, घाणेरड्या वासाचा चिकटा जमतो. रोज एकदा खूर उकरून, ब्रशनं धुऊन, कोरडा करावा. औषधापेक्षा कोरडी जागा महत्त्वाची. अथणीकडे उलट. उन्हाळ्यात भिंतीला उभ्या भेगा पडतात. हौदाजवळ थोडी जागा मुद्दाम ओली ठेवतात, पाणी प्यायला येताना खूर भिजतो.

या सगळ्या उभ्या घोड्यांत चालणारा घोडा पाहायचा असेल तर ज्येष्ठात अंकलीला जावं. चिकोडी तालुक्यातलं, कृष्णाकाठचं गाव. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व इथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमाराला सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासून शितोळे घराण्याचा हा मान. दोन अश्व. एक माउलींचा, त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. दुसरा स्वाराचा, त्याच्यावर झेंडा घेतलेला स्वार. मिरज-सांगली, कराड, सातारा, पुणे करत सुमारे तीनशे किलोमीटर चालून ते अकराएक दिवसांत आळंदीत पोचतात. तिथून पुन्हा पालखीबरोबर पंढरपूर. महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्याचा घोडा कर्नाटकातून चालत जातो. सीमाप्रश्नावर बोलताना हे कुणी फारसं सांगत नाही.

दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर, तेही चालीनं, ताशी सहा-सात किलोमीटर. घोड्याच्या देहाला याच्यासारखं दुसरं काम नाही. पण उभ्या घोड्याला हे एकदम झेपत नाही. सहा-आठ आठवडे आधीपासून रोज पाच, मग आठ, मग पंधरा किलोमीटर असं चढवत न्यावं लागतं. स्नायू महिन्याभरात तयार होतात, शिरा नि हाडं त्याहून उशिरा, त्यामुळे घोडा तयार दिसतो तेव्हा तो अजून अर्धाच तयार असतो. नाल प्रस्थानाच्या आठवडाभर आधी ठोकावी. आदल्या दिवशी ठोकली तर एखादा जवळून गेलेला खिळा तिसऱ्या मुक्कामाला बोलतो. डांबरावर दुडकी नको. सकाळी लवकर निघावं. वाटेत कोणी केळं पुढे करतं, कोणी गूळ, कोणी पुरणपोळी. श्रद्धेनं दिलेलं परत करणं मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, जड जातं, पण गाव-गावचा गूळ एका पोटात गेला की तेच खुराच्या पापुद्र्यांचं दुखणं उठतं. नैवेद्य हातात घ्यावा, घोड्याच्या कपाळाला लावावा नि प्रसाद म्हणून वाटून टाकावा. राज्याच्या सीमेवर ग्लँडर्स तपासणीचा दाखला जवळ असलेला बरा. हा जिवाणूचा रोग माणसालाही होतो, आणि रक्त तपासून तो पक्का झाला तर घोडा मारावाच लागतो.

मग रिंगण. उभ्या रिंगणात वारकरी दोन रांगांत उभे आणि घोडे मधून पळतात, गोल रिंगणात वर्तुळातून. स्वाराचा घोडा आणि मागे-पुढे माउलींचा रिकामा अश्व. तो सुटतो तेव्हा लगाम कुणाच्या हातात नसतो. खुरांची माती कपाळाला लावायला लोक धावतात. एवढ्या गर्दीत न बिथरता पळणारा घोडा घडवणं ही विद्या आहे, आणि ती या सीमेवरच्या एका खेड्यात टिकून आहे.

चालणारी दुसरी जात धनगरांची तट्टं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन त्यांचे वाडे (तांडे) निघतात तेव्हा अख्खं बिऱ्हाड तट्टाच्या पाठीवर असतं: पाल, भांडी, मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी, वर कोंबड्या, आणि झोळीतून डोकी काढलेली कालची कोकरं. कायद्याचं माप इथे कामाचं आहे. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनुसार तट्टाच्या पाठीवर ७० किलो, खेचराच्या २००, गाढवाच्या ५०. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन काम बंद. ओझं किती, यापेक्षा ते दोन्ही बाजूंना सारखं आहे का हे महत्त्वाचं. एका बाजूला दोन किलो जास्त झाले तरी खोगीर हळूहळू सरकतं नि कण्याच्या एका कडेला घासतं. संध्याकाळी खोगीर काढल्यावर घामानं ओल्या पाठीवर एखादा तळहाताएवढा कोरडा ठिपका दिसला, तर तिथे दाब पडून घाम आटला आहे. उद्या तिथे फोड येणार. त्या जागी भरती काढून पोकळी करावी. स्वाराचं गणितही याच जातीचं. घोड्याच्या वजनाचा पाचवा भाग, खोगीर धरून. ३२० किलोच्या घोडीवर ६४ किलो. नवरदेव नि भाचा मिळून किती होतात ते यजमानांनी घरीच पाहावं.

खोगीरभरती हा शब्द आपण वाईट साहित्याला वापरतो. खऱ्या भरतीत चिंध्यांचे गोळे झाले की घोड्याची पाठ सोलते, म्हणून तो शब्द वाईट झाला असावा. पायबंद म्हणजे चरायला सोडलेल्या तट्टाचे पाय सैल बांधणारी दोरी. धनगर तो अजून रोज घालतात, आपण फक्त महागाईला घालतो. बिबट्या ‘जेरबंद’ झाला की पेपरात बातमी येते. जेरबंद हा तंगापासून पुढच्या पायांमधून लगामाकडे जाणारा पट्टा, घोड्यानं मान उडवू नये म्हणून. शब्द आपल्याकडे राहिले, चामडं गेलं. कानडीत घोडा कुदुरे होतो, बेळगावजवळच्या कुद्रेमानीच्या नावात तो ऐकूही येतो. व्युत्पत्ती काय असेल ती असो.

घोडा-बैल शर्यतीबद्दल लिहिलं नाही तर या भागाबद्दल लिहिलंच नाही. एका हलक्या गाडीला एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला घोडा. चिकोडी, रायबाग, अथणीकडे जत्रांच्या दिवसांत ही हौस फार. गंमत वाटते, पण जू बैलासाठी बनलं आहे. बैल वशिंडापुढे मानेनं ढकलतो. घोड्याला वशिंड नाही, तो छातीनं ओढतो. छातीपट्टा नीट नसेल तर जू त्याच्या मानेवर चढतं नि श्वासनळी दाबतं. वेगही जुळत नाही. घोडा मोकळा सोडला तर बैल फरफटतो, घोडा आवरला तर त्याच्या तोंडातली कडी जिभेत रुतते. त्यात डांबरी रस्ता, बाजूनं हॉर्न वाजवत जाणाऱ्या मोटारसायकली. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यती बंद केल्या, पुढे राज्यांनी कायदे बदलले आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ते कायदे मान्य केले. कर्नाटकच्या कायद्यात कंबळा (रेड्यांची चिखलातली शर्यत) आहे, बैलगाडी आहे. घोड्याचं नाव त्यात नाही. आम्हाला विचाराल तर मातीच्या मैदानात नुसत्या घोडागाड्या, छातीपट्टा तपासून, काठीशिवाय पळवाव्यात. ही जोडी मात्र जुळत नाही. काटेरी लगामाचंही तेच. १९६५ पासून त्याला बंदी आहे आणि वरातीतल्या घोड्यांच्या तोंडात तो आजही सापडतो. ओठांच्या कोपऱ्यात गुलाबी, बिनकेसांचा व्रण दिसला तर भाडं ठरवू नये. एवढं एका लग्नघरानं केलं तरी पुढच्या हंगामात लगाम बदलतो.

वरात संपल्यावरचा अर्धा तास कुणी पाहत नाही. नवरदेव उतरला की तंग एक भोक सैल करावा, खोगीर लगेच ओढून काढू नये. दाबलेल्या जागी रक्त एकदम धावतं नि पाठ सुजते. दहा-पंधरा मिनिटं हातात धरून चालवावं. छाती हाताला थंड लागली नि श्वास मिनिटाला सोळाच्या आत आला की खोगीर काढावं, पाठ चोळावी, पाणी थोडं-थोडं पाजावं. खुराक तासाभरानं. मग दोरी सोडून मऊ मातीत न्यावं. घोडी दोनदा गोल फिरते, जमीन हुंगते, गुडघे टेकते आणि लोळते, एका कुशीवर, मग दुसऱ्या. शूळ उठलेला घोडाही असाच लोळतो, म्हणून नवखा मालक घाबरतो. थांबून बघावं. दुखणारा घोडा उठतो, कुशीकडे बघतो नि पुन्हा बसतो. जिचं सगळं ठीक आहे ती उठते, पाय फाकते आणि नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडते. अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, धूळ, सगळं उडतं.